दोन रस्ते आणि पाईची पेटी

थांबा! कोण तुम्ही? कुठून आलात? कुणाकडे काम आहे?

रागावू नका. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे विचारल्याशिवाय मला चैनच पडत नाही. मी फायरवॉल बोलतोय. नावात आग असली तरी मी आहे एक चपटी काळी पेटी, आणि काम पहारेकऱ्याचं. ज्याचं काम खरं, त्यालाच आत सोडायचं.

माझी उमेदीची वर्षं ॲडलेडच्या एका बँकेत गेली. थंडगार खोली, आजूबाजूला माझ्यासारख्याच शिस्तीच्या पेट्या. सात वर्षांत एक चोर आत येऊ दिला नाही. मग 'जुना झाला' म्हणून मला काढलं, आणि निरोप समारंभ म्हणाल तर एक पुठ्ठ्याचा खोका. अजून आठवलं की माझा पंखा जोरात फिरतो.

तिथे काम करणाऱ्या ब्रॉनविननं मला उचललं आणि आपल्या गावच्या, कुलगाराच्या फुटी क्लबला, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबला, देऊन टाकलं. तेव्हापासून मी कँटीनच्या कपाटात बक्षिसाच्या गंजलेल्या ढाली आणि टोमॅटो सॉसच्या डब्यांच्या मध्ये बसतो. माझ्या कपाळावर तिनं चिठ्ठी चिकटवली आहे: 'हात लावाल तर याद राखा.' गावात ही चिठ्ठी सगळ्यांनी वाचली आहे. मानली कुणीच नाही.

माझ्या मागे एक संगणक बसतो. तो सामन्यांचं धावतं वर्णन बाहेर पाठवतो, म्हणजे खाणीत नाहीतर शहरात गेलेल्या गावकऱ्यांना ऐकता येतं. बाहेरच्यांना त्याच्यापर्यंत यायचं तर त्याला जगजाहीर पत्ता हवा. पब्लिक आयपी म्हणतात तो, नुसते आकडे. आणि हा पत्ता मिळतो रस्त्यासकट. आमच्याकडे इंटरनेटचे रस्ते दोन, दोन वेगळ्या कंपन्यांचे: एक जमिनीतली तार आणि दुसरी छपरावरची उपग्रहाची तबकडी. दोन्ही कंपन्यांनी आपापला पत्ता दिला आणि ब्रॉनविननं ते दोन्ही त्या एकाच संगणकाला लावले. मला म्हणाली, "बाहेर जाताना तारेनं जायचं. तार मेली तरच तबकडी." मी हिरवा दिवा लावून होकार दिला. यात काही खोट असेल हे ना तिला कळलं, ना मला.

आता क्लॅरी झॅडोबद्दल सांगतो. एकेचाळीस वर्षं हा माणूस गोलच्या खांबांपाशी पंच म्हणून उभा होता. गोल झाला की दोन पांढरे झेंडे, थोडक्यात हुकला की एक. यंदा कोंबडीच्या मागे धावताना पडला, खुबा मोडला आणि ॲडलेडच्या इस्पितळात जाऊन पडला. आणि नेमकं यंदाच गाव एकोणतीस वर्षांनी फायनलला पोचलं! त्यानं डॉक्टरांना बजावलं, "फायनल ऐकल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही." ब्रॉनविननं त्याला दोन्ही पत्ते चिठ्ठीवर लिहून दिले होते. तो तारेच्या पत्त्यावर आला, मी त्याची चौकशी केली आणि आत सोडलं.

सामना रंगात आला होता. कँटीनमध्ये क्लॅरीची बायको ग्लेनिस खिम्याच्या पाई गरम ठेवायची काचेची पेटी घेऊन प्लग शोधत होती. सगळीकडे किटल्या लावलेल्या. तिनं हाताला लागला तो प्लग उपटला आणि आपली पेटी लावली.

तो प्लग तारेच्या डब्याचा, म्हणजे मोडेमचा होता.

मी क्षणात तबकडीवर उडी मारली. कँटीनमध्ये फोन बघत बसलेल्यांना काही कळलंसुद्धा नाही. मी स्वतःवरच खूश झालो. पण क्लॅरी बिचारा तारेच्या पत्त्यावर उभा, आणि तो रस्ताच मेलेला. ग्लेनिसचा फोन वाजला.

"आवाज गेला! मेलो मी, ग्लेनिस!"

"मेला नाहीस, बोलतोयस की! थांब, ब्रॉनविनला देते."

"काका, चिठ्ठीवरचा दुसरा नंबर टाका," ब्रॉनविन म्हणाली. त्यानं टाकला, तो तबकडीच्या रस्त्यानं आला, आणि आवाज सुरू झाला.

तेवढ्यात तिची नजर भिंतीकडे गेली. "मावशी! हा प्लग कुणी काढला?"

"मी. गार पाई खाणार आहेस का तू?"

ब्रॉनविननं पाईची पेटी काढून तारेचा डबा परत लावला. तार जिवंत झाली. मी हुकमाचा ताबेदार. बाहेर जाणारं सगळं पुन्हा तारेनं धाडायला लागलो. क्लॅरीला जाणारं उत्तरही! त्यावर पाठवणाऱ्याचा म्हणून तबकडीचा पत्ता, आणि ते निघालं तारेनं. तारेच्या कंपनीचा पहारेकरी म्हणाला, "हा पत्ता आमचा नाही. खोटारड्या!" आणि दिलं फेकून. मला, सात वर्षं बँकेत पहारा दिलेल्याला, खोटारडा म्हणाला तो! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

पुन्हा फोन. "आता काय केलंत? चार मिनिटं उरलीत, आपण चार गुणांनी मागे आहोत!"

"काका, आता पहिला नंबर टाका."

"तो चालत नव्हता म्हणून फाडून फेकला मी!"

"मी सांगते, लिहून घ्या."

"चष्मा सापडत नाहीये गं!"

ब्रॉनविन घामाघूम झाली. माझा नियम बदलायचा तर पासवर्ड हवा, आणि तो होता घरी, वहीत.

ग्लेनिसनं हात पुसले. "मघाशी चालत होतं तेव्हा काय वेगळं होतं?"

"तार बंद होती."

"मग बंद कर की! डोकं आहे का खोकं?" तिनं प्लग उपटला आणि पाईची पेटी पुन्हा लावली.

मी तबकडीवर उडी मारली आणि क्लॅरीला आवाज गेला. शेवटच्या क्षणी आमच्या पोरानं पन्नास मीटरवरून चेंडू मारला. मैदानाभोवती उभ्या केलेल्या एकूण एक गाड्यांचे भोंगे एकदम वाजले. गोल, सहा गुण! नर्सनं नंतर सांगितलं की पंचानं झेंडे उचलायच्या आधी इस्पितळात क्लॅरीनं दोन टॉवेल उचलून धरले होते. एक शेजारच्या रुग्णाचा होता.

सोमवारी त्यानं सही केली. ब्रॉनविननं वही आणली आणि मला नवा नियम शिकवला: पाहुणा ज्या रस्त्यानं आला, त्याच रस्त्यानं त्याला उत्तर द्यायचं. इतकी साधी माणुसकी शिकायला मला फायनल लागली.

पुढे क्लॅरी काठी टेकत आला. आता त्याला मैदानावर उभं राहता येत नाही. त्यानं कपाट उघडलं आणि आपले दोन्ही पांढरे झेंडे माझ्या डोक्यावर ठेवले. "दोन रस्ते, दोन झेंडे," म्हणाला. "सांभाळ रे."

ते मी सांभाळतोय. आता तुम्ही जा, वाट सोडा. आणि जाता जाता ग्लेनिसला तेवढं सांगा, पाईच्या पेटीसाठी एक वेगळा प्लग बसवून घे म्हणावं. मी सांगून बघितलं असतं, पण ती ऐकणाऱ्यातली नाही.