मानाचा चौरंग

आन्दोंग गावच्या एका वृद्धनिवासात दुपारची जेवणे सुरू झाली, की तळमजल्यावरच्या दालनात म्हाताऱ्यांचा कलकलाट उठे. त्याच वेळी चौथ्या मजल्यावरच्या सर्वांत ऐसपैस खोलीत मालसून एका लाकडी चौरंगासमोर एकटी बसलेली असे. तो चौरंग तिच्या थोरल्या मुलाने, तेखोने, मुद्दाम घरून आणून दिला होता. मानाच्या माणसाला वेगळ्या चौरंगावर, एकट्याला वाढायचे, ही त्यांच्या कुळाची रीत. तेखो तर कुळमंडळाचा अध्यक्ष. त्याने व्यवस्थापिकाबाईंना बजावले होते, की आमची आई थोरल्या घराची सून आहे, ती खाली बाजारात बसणाऱ्या बायकांच्या पंगतीला बसणार नाही. आईची स्मृती गेली असेल, घराण्याची पत गेलेली नाही.

अशा मातृभक्तांचा कुठल्याच गावात तोटा नसतो. तेखो महिन्यातून एकदा येई, बरोबरच्या मंडळींना खिडकीतून दिसणारी नदी दाखवी, आईच्या उशाशी जिनसेंगच्या शक्तिवर्धक मुळ्यांचा डबा ठेवी आणि घड्याळ बघत निघून जाई. आई त्याला 'साहेब' म्हणते हे त्याच्या लक्षात आले होते. मान देते आहे, अशी त्याने समजूत करून घेतली. एवढ्या पुण्याईवर कुळमंडळाने त्याला यंदाचा 'आदर्श पुत्र' ठरवले होते. त्याच्या बायकोला आदर्श सून कुणी ठरवले नाही, कारण तिला महिन्यातून एकदा यायचीही सवड नव्हती.

मालसून मात्र वाळत चालली होती. डॉक्टर म्हणाले, या आजारात भूक जाते. तेखोने जिनसेंगचे डबे वाढवले.

तिची मुलगी ह्योनजा बुसानला दिलेली. ती येई ती नेहमी जेवणे उरकल्यावर. एका गुरुवारी लवकरची बस मिळाली आणि ती भर जेवणाच्या वेळी आईच्या दारात उभी राहिली. आत मालसून चौरंगापासून हातभर दूर, गुडघे मुडपून, मान खाली घालून बसली होती. सूप गार झाले होते. माशाला हात लागलेला नव्हता.

"आई, जेवत का नाहीस?"

"हळू बोल," मालसून कुजबुजली. "सासरेबुवांचं पान आहे. त्यांचं व्हायचंय अजून."

ह्योनजाने चौरंगाकडे पाहिले. आजोबांना जाऊन एक पिढी उलटली होती. त्यांचा हाच चौरंग आई दिवसातून तीनदा उचलून न्यायची आणि त्यांचे होईपर्यंत दाराशी मान खाली घालून बसायची. मग स्वयंपाकघरात सगळ्या जावा एका परातीत भात, भाजी आणि उरलेसुरले कालवायच्या, चार चमचे एकदम त्यात पडायचे आणि इतके हसू उसळायचे, की ओसरीवरून आजोबा खाकरायचे. आईचे जेवण म्हणजे ते. मान म्हणून समोर आलेले ताट आपले असू शकते, हे तिला जन्मात कुणी शिकवलेच नव्हते.

ह्योनजाने आईला हाताला धरून उठवले आणि खाली नेले. सेविका घाबरली, अध्यक्षांचा हुकूम आहे म्हणाली. खाली ओकपुन नावाची जुनी मासळीवाली बसली होती. तिचेही डोके ठिकाणावर नव्हते, पण माणुसकी होती. "किती उशीर केलास," असे म्हणून तिने आपल्या शेजारी जागा केली, जणू दोघी रोजच्याच. मालसूनने भात दोनदा मागून घेतला. ओकपुनने कुणा गिऱ्हाइकाची फजिती सांगितली, थोड्या वेळाने तीच पुन्हा सांगितली आणि दोन्ही वेळा मालसून पदरात तोंड लपवावे तशी ओंजळीत तोंड धरून हसली.

ह्योनजाने बुसानचे दुकान नवऱ्यावर सोपवले आणि ती तिथेच राहिली. रोज आईला खाली नेऊ लागली. तेखोचा फोन आला. लग्न होऊन गेलेल्या मुलीने माहेरच्या रीतीत नाक खुपसू नये, असे त्याने बरेच लांबवून सांगितले. ह्योनजाने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी आईला पुन्हा खाली नेले.

मग पुरस्काराचा दिवस आला. पांढरे अंगरखे आणि घोड्याच्या केसांच्या काळ्या टोप्या घातलेली कुळमंडळाची म्हातारी मंडळी, मागे फोटोग्राफर, असा लवाजमा घेऊन तेखो ऐन जेवणाच्या वेळी दालनात शिरला.

"आईला वर ने," तो दबक्या आवाजात म्हणाला. "चौरंग मांडलाय. तिथंच फोटो काढायचेत."

"आई जेवतेय, दादा."

"या असल्या बायकांत?"

"वर ती जेवतच नाही. आजोबांचं पान समजून त्यांची वाट बघत बसते. तुझ्या मानापायी ती उपाशी मरतेय."

"भ्रमिष्ट माणसाचं काय मनावर घेतेस? लोक काय म्हणतील?"

"लोक हे काय, तुझ्या मागेच उभे आहेत. सांग त्यांना, आईला उपाशी ठेवलं म्हणून बक्षीस घेतोय."

कुळाच्या त्या साऱ्या विद्वानांतल्या एकालाही गेल्या वर्षभरात ही म्हातारी काय खाते, असे विचारावेसे वाटले नव्हते. शेवटी मंडळींतले सर्वांत वयोवृद्ध काका पुढे झाले आणि मालसूनच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

"मलाही इथंच वाढा," ते म्हणाले. "घरी सून चौरंग ठेवते अन् दार लोटून जाते. जेवताना कुणाशी बोललो त्याला किती वर्षं झाली, आठवत नाही."

सासऱ्यांसारखा पांढरा अंगरखा समोर बघताच मालसूनने चमचा खाली ठेवला. ती घाईघाईने उठू लागली, तिचे हात उचलायला चौरंग शोधू लागले. ओकपुनने तिला घागऱ्याला धरून खाली ओढले.

"बस गं. त्याला हात आहेत की."

मालसूनने काकांकडे पाहिले. त्यांनी अजून चमचा उचललेला नव्हता. तिने आपल्या वाडग्याकडे पाहिले, पुन्हा त्यांच्याकडे पाहिले, आणि मग त्यांच्या देखत, त्यांच्या आधी, भाताचा घास तोंडात घातला.

"हे काढू नका," तेखो फोटोग्राफरला म्हणाला. तोवर आईने दुसरा घास घेतला होता.