डबीला शाल, सुनेला दोष

धामणकर नाक्यामागच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोर भला मोठा टीव्ही, आणि चौरंगावर भरजरी शाल पांघरून, झेंडूचा हार घालून बसलेला एक कॉम्प्युटर. केवढा? तर जेवणाच्या डब्याएवढा! पण त्याच डबीतून तरंगनाथ महाराजांच्या हिमालयातल्या गुरूंचं प्रवचन टीव्हीवर झळकत होतं.

"ना पंखा, ना घरघर!" महाराज गरजले. "मौनव्रती यंत्र आहे, भक्तहो! पापी माणूस आत शिरला की गुरुमाऊली जागच्या जागी थबकतात!"

तेवढ्यात भावना आणि तिची मैत्रीण धम्मदिना आत आल्या. कशेळीच्या गोदामातली ड्युटी संपवून थेट इकडेच. त्या बसतात न बसतात तोच गुरूंचा हात हवेत अडकला आणि शब्दांचे तुकडे पडू लागले.

"आली गं बाय, आली!" भावनाची सासू बायजाबाई कपाळावर हात मारून ओरडली. "तिसरा गुरुवार हाय हा! ही आली का गुरू अडकलाच!"

पहिल्या गुरुवारी भावनाने "हा व्हिडिओ कुणी काढला?" एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून महाराज तिच्यावर डूख धरून होते. आज त्यांनी निकालच लावला. "सुनेला माहेरी धाडा. सव्वा वर्ष उंबऱ्याच्या आत घेऊ नका. पोर मात्र आजीपाशीच राहील."

भावनाने सासूकडे पाहिलं. अडीच वर्षांची लेक सासूच्या मांडीवर झोपली होती, आणि शेजारी सासूने भरून आणलेली भावनाची बॅग. म्हणजे निकाल आधीच ठरला होता!

महाराजांनी भावनाला बाहेर काढलं, शाल उचलून कपाळाला लावली आणि मंत्र पुटपुटत मोरपिसांच्या कुंच्याने डबीला दहा मिनिटं वारा घातला. गुरू पुन्हा घडाघडा बोलू लागले, शाल पुन्हा डबीवर चढली. टाळ्याच टाळ्या!

धम्मदिनाने तेवढी टाळी वाजवली नाही. संताप तर असा आला होता की बोलायची सोय नाही. गोदामात तिचं कामच मुळी अशा डब्या तपासायचं. तासन् तास व्हिडिओ लावायचा, चित्र कधी अडखळतं ते बघायचं, डबी किती तापली ते लिहायचं. ती हात जोडून उठली.

"महाराज, एक परीक्षा घेऊ या?"

"परीक्षा? इथं श्रद्धा लागते, बाई!"

"मग तर तुम्हाला पैकीच्या पैकी मिळतील की!"

शेडमध्ये खसखस पिकली. बायजाबाईच म्हणाली, "होऊन जाऊ द्या, महाराज. हिचं त्वांड तरी बंद होईल."

धम्मदिनाने शाल-हार बाजूला ठेवला आणि भावनाला आत बोलावून टीव्हीसमोर बसवलं. अर्धा तास झाला, गुरू एकदाही अडखळले नाहीत.

"महाराजांनी पाप धुतलं!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा, अजून अर्धा पेपर बाकी आहे." तिने डबीवर शाल पुन्हा नीट पांघरली आणि सगळ्यांना बाहेर काढलं, भावनाला आणि स्वतःलासुद्धा. आत उरले एकटे महाराज. बाकीची जत्रा खिडक्यांना नाक लावून उभी. महाराजांचा हात हळूच शालीकडे सरकला.

"हात जोडूनच बसा हां, महाराज!" धम्मदिना खिडकीतून म्हणाली.

पंचवीस मिनिटांनी गुरूंचा हात हवेत अडकला.

"अगंबाई! आता पापी कोण हो?" तिने भोळा चेहरा करून विचारलं. "आत तर दुसरं कुणीच नाही!"

हशा उसळला. महाराज ग्रहमानाबद्दल काहीबाही बोलू लागले, पण धम्मदिनाने बायजाबाईला आत नेऊन डबीला हात लावायला सांगितलं.

"आई गं! तव्यावानी तापलंय की!"

"पंखा नाही ना हिला, मावशी. उघड्या हवेतच थंड राहते. शालीखाली कोंडली की तापते, आणि जळू नये म्हणून स्वतःच काम हळू करते. मग चित्र अडखळतं. प्रवचन साडेसहाला सुरू, आमची ड्युटी सुटून आम्ही पोचतो सातला. डबी तापायची वेळ आणि भावनाची वेळ एकच. महाराजांना हे पक्कं ठाऊक. नाहीतर शाल काढून वारा कशाला घालतील?"

सगळे महाराजांकडे वळले, पण महाराज मागच्या दाराने कधीच पसार झाले होते.

बायजाबाईने गुपचूप बॅग उचलली. "चल घरी."

भावना जागची हलली नाही. "चारचौघांत पापी ठरवलंत ना, आई? मग चारचौघांतच सांगा."

बायजाबाईने नातीला भावनाच्या कडेवर दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या सुनेचा कायबी दोष न्हाय. मीच येडी. इचारलं न्हाय, तपासलं न्हाय, लेकराला आयपासून तोडाया निघाले."

"आता विचारत जा, मावशी," धम्मदिना म्हणाली. "तुम्ही पण, सगळ्यांनीच. यंत्र अडलं तर यंत्र तपासा. आणि घरच्या माणसाला पापी ठरवणाऱ्या बाबाला आधी दार दाखवा."