नारळ फोडला, नियम राहिले

मी घणसोली गावातला ड्रोन बोलतोय. दोन पाती तुटलेला, पोटाला तडा गेलेला. उरलेल्या पात्यांपैकी एकावर वाळलेलं रक्त आहे. ते दिशाचं आहे.

माझा मालक निकेश. गावात कुणाचीही हळद असो, मांडवावर मीच. नवऱ्याच्या डोक्याशी उतरायचो आणि झेंडूच्या पाकळ्या सोडायचो. परवानगीचं कुणी विचारलं तर निकेश म्हणायचा, "गावदेवीला नारल फोरलाय." तेवढ्यावर भागायचं. माझाही माज काही कमी नव्हता.

मग त्याच्या धाकट्या बहिणीचं, दिशाचं, लग्न परदेशात ठरलं. ती तिथे नर्स होती. तिनं तिथले नियम आधीच पाठवले: ड्रोनची नोंदणी, मग परवानगी, माणसांवरून उडवायचं नाही. निकेशचा फोन माझ्या रिमोटला लावलेला, म्हणून मलाही ते दिसले. त्यानं न वाचताच मेसेजखाली अंगठ्याचं चित्र टाकलं आणि नारळ आणायला गेला. बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवायची, एवढा एकच नियम त्यानं पाळला, कारण विमानतळावर बॅग उघडून बघतात.

हळद दिशाच्या इमारतीच्या अंगणात होती. मला बाहेर काढताच ती पाटावरून अर्धी उठली.

"दादूस, नको. हितं जेल व्हते."

"तू बस गो. दोन मिन्टं."

मी उडालो. दोन इमारतींच्या मधून वाऱ्याचा झोत आला, मी तिरका झालो आणि सरळ तिच्या तोंडावर गेलो. पातं डाव्या डोळ्यात घुसलं. गाल फाटला. हळदीनं पिवळं झालेलं तोंड लाल झालं आणि ती पाटावरच कोसळली.

निकेशनं हळद कांडायचं मुसळ उचललं आणि मला ठेचायला लागला. मार, अजून मार, असंच मला वाटत होतं.

पोलिसांनी विचारलं, हा कुणी उडवला? डोळ्यावर टॉवेल दाबून दिशा म्हणाली, "मी." निकेश गप्प राहिला. मुसळाचे घाव मी विसरलो, ते गप्प राहणं विसरलो नाही.

तिचा डोळा गेला. गुन्हा तिच्या नावावर लागला म्हणून नोकरी गेली, तिथे राहायचा परवाना गेला, लग्नही मोडलं. खटला संपल्यावर पोलिसांनी मला परत दिलं आणि दिशा मला घेऊन घणसोलीला आली. निकेश मला खाडीत फेकणार होता. तिनं अडवलं. "वाचायचं काम या ड्रोनचं नव्हतं," एवढंच म्हणाली.

आता मी दाराजवळच्या फळीवर असतो. गावातलं कुणी ड्रोन घेऊन परदेशी निघालं, की दिशा त्याला त्या देशाचे नियम वाचून दाखवते, एका डोळ्यानं, सावकाश.

काल शेजारचा अश्विन आला होता. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "ताय, तुला सगलं म्हाईत होतं, मग उरवलास कशाला?"

दाराआडून निकेश बाहेर आला.

"तिनं नाय," तो म्हणाला. "मी उरवला."

मी आता पुन्हा उडणार नाही, आणि मला उडायचंही नाही. तुम्ही मात्र निघण्याआधी नियम वाचा. नारळ त्यानंतर फोडा.