दाराबाहेरची काठी

मित्रांनो, मी बोरीची एक जुनी काठी आहे, आणि एका जागी गप्प उभे राहणे मला मुळीच जमत नाही. सांगोल्याच्या माळावर सिदूच्या वडिलांनी मला तोडले, तासले, तेल पाजले. पुढे कित्येक वर्षे मी त्यांच्याबरोबर मेंढरांमागे हिंडले. माझा एकुलता एक पाय कधी थकला नाही.

सिदू मात्र फौजेत गेला. बर्फात गस्त घालताना तो घसरून दरीत पडला आणि त्याचा गुडघा कायमचा अधू झाला. रजेवर आला तेव्हा वडिलांनी मला त्याच्या हाती दिले. मला केवढा आनंद झाला! पण सिदूला माझी लाज वाटे. चावडीपुढून जाताना तो मला काखेत मारून ताठ चाले आणि घरी येऊन कण्हत बसे.

निवृत्तीच्या वेळी लष्करी डॉक्टरांनी त्याला तपासायला बोलावले. त्याने मला दाराबाहेर भिंतीशी टेकवले. आतून बुटाची टाच आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्याचा खणखणीत आवाज, "एकदम ठीक, साहेब!" मी बाहेर नुसती तडफडत होते. अहो, तो ठीक नाही, मला विचारा! पण काठीला कोण विचारणार?

अपंगत्व फारच कमी आहे, असे कळवून त्याची अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. इकडे सिदूला कळपामागे जाता येईना. निम्मी मेंढरे विकावी लागली. उरलेली त्याची बायको मायाक्का एकटीच राखू लागली. शेवटी तीच त्याला सोलापूरला सैनिक कार्यालयात घेऊन गेली. तिथे माजी सैनिकांना अपील लिहून देणारे मंद्रूपचे मल्लिनाथ भेटले. सगळी हकिगत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मेजर, डॉक्टरला दुखणं दावायला गेलतासा का परेड करायला?"

सिदूने मान खाली घालून अपिलावर सही केली.

अपील गेले. फेरतपासणीची तारीख आली. ही संधी हुकली तर उरलेली मेंढरेही जाणार होती. आणि दवाखान्याच्या दारात सिदूचा हात सवयीने पुन्हा भिंतीकडे वळला!

"काठी हितं ठिवलीसा तर मी बी हितंच बसते," मायाक्का म्हणाली. "मेंढरं मग तुमीच बघा की."

मी आत गेले. पण सिदू पुन्हा ताठ उभा, आणि मी त्याच्या हातात अधांतरी. डॉक्टर म्हणाले, "चालून दाखवा." एक पाऊल, दुसरे पाऊल... टेक ना रे, टेक! खोलीच्या मध्यावर तो थांबला. ओठ चावून त्याने सगळा भार माझ्यावर टाकला.

"न्हाय जमत, साहेब. लई दुखतं."

एवढे ओझे मी जन्मात पेलले नव्हते, आणि एवढी सुखीही कधी झाले नव्हते.

निकाल अजून आलेला नाही. पोस्टमनची चाहूल लागली की आम्ही दोघे उंबऱ्याशी जातो, परत येतो, पुन्हा जातो. माझी चुळबूळ काही थांबत नाही. मित्रांनो, तुमच्या गल्लीत एखादा ताठ चालणारा माजी सैनिक असेल, तर त्याला सलाम जरूर करा. पण मग जवळ जाऊन, पाय दुखतो का, असेही विचारा. तो "एकदम ठीक" म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.