दातेरी कात्रीची माया

मित्रांनो, मी एक जुनी दातेरी कात्री आहे. माझ्या पात्यांना करवतीसारखे बारीक दाते आहेत. मी कापड कापले की कडेला नागमोडी नक्षी उमटते आणि सुते निघत नाहीत. कारागिराने माझा एकेक दाता कानशीने घासून समोरच्या खाचेत बसवला होता.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले. शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणे. त्यांच्या दुकानात एकच कायदा होता: कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, धार जाते. एकदा त्यांच्या मुलाने मला घेऊन पतंगाचा कागद कापला. बाईंनी आधी माझे दाते तपासले, मग त्याचा कान धरला. "तुझा कान येईल जागेवर, हिचे दाते नाही यायचे!"

किती झबली, किती फ्रॉक माझ्या हाताखालून गेले! आपल्या मुलीच्या प्रत्येक फ्रॉकचा उरलेला तुकडा बाई जपून ठेवत. पुढे तयार कपड्यांचे दिवस आले, दुकान बंद झाले आणि मी बटणांच्या डब्यात पडून राहिले. पात्यांवर गंज चढला.

एके दिवशी बाईंच्या धाकट्या जाऊबाई आल्या. फोटो आणि आठवणी वहीत चिकटवण्याचा त्यांना भारी नाद.

"चला, चिकटवह्यांचा मेळावा आहे." बाईंनी मला डब्यातून काढताच त्या म्हणाल्या, "पण हे धूड कशाला घेताय? दात पडलेत हिचे. भंगारात द्या!"

"दात माझे पडलेत, तिचे नाहीत," बाई म्हणाल्या. "आज चालली नाही, तर तूच दे भंगारात."

त्यांनी मला पिशवीत घातले आणि निघाल्या.

असा मेळावा बाईंनी आणि मी पहिल्यांदाच पाहिला. लांबलचक टेबले, रंगीत कागदांच्या चळती, डिंकाचा वास. प्रत्येकीने एक पान सजवायचे होते आणि सर्वांत सुंदर पानाला पहिला क्रमांक मिळणार होता. बाईंनी मुलीचा लहानपणीचा फोटो बाहेर काढला आणि फोटोतल्याच फ्रॉकचा जपलेला तुकडा माझ्या पात्यांत धरला. मी कापायच्या ऐवजी कापड चावले! बाईंनी पिशवीतून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली, माझ्या खिळ्यावर एक थेंब सोडला आणि मला हळूहळू उघडमीट केले. दुसऱ्या खेपेला मी करकर करत थेट टोकापर्यंत गेले!

पण हाताची सवय जाते कुठे? बाईंनी फोटोभोवती चांगले दोन बोटे कापड जास्त सोडले.

"अहो, केवढी कड ही! कापून टाका ना," शेजारीण हसली.

पाने पाहायला आलेल्या परीक्षकबाईंनीही विचारले, "ही रिकामी जागा कशासाठी?"

"ती माया," बाई म्हणाल्या. "पोर वाढतं ना. शिवणीत माया सोडली की पुढं उसवून फ्रॉक मोठा करता येतो. इथं उद्या नातीचा फोटो लागेल."

परीक्षकबाईंनी कडेवरून बोट फिरवले. एक सूत निघाले नाही. त्यांनी ते पान उचलून साऱ्या दालनाला दाखवले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिला क्रमांक आमचा! मग मला मागायला रांग लागली. रांगेच्या तोंडाशी कोण? धाकट्या जाऊबाई! त्यांच्या हातात गुलाबी कागद होता.

"कागद नाही हं," बाईंनी दटावले. "आधी कापड आण, मग माझ्या लेकीला हात लाव."

लेक! इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदाच असे म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू अशीच डब्यात पडून असेल. टाकून देण्याआधी तिला तेलाचा एक थेंब द्या. आणि कापायला बसाल तेव्हा अगदी कडेला लागून कापू नका. थोडी माया सोडा.