फळीवरच्या खाचा

धक्क्यावर तिला सगळे सुरीबाई म्हणत. बावीस वर्षं एकाच टेबलाशी उभं राहून मासे साफ करणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? रोज दोनशे मासे तिच्या सुरीखालून जात. दर हंगामात पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, असलेला सगळ्यात लहान मासा सापडला, की त्याचं तोंड टेबलाच्या फळीच्या कडेला लावून ती शेपटीपाशी खाच पाडायची. कुणी सांगितलं नव्हतं, हाताला लागलेली खोड. पहिली खाच कडेपासून हातभर अंतरावर होती. पुढच्या खाचा अलीकडे सरकत आल्या, गेल्या वर्षीची तर जेमतेम वीतभरावर. यंदा खाच पाडायला गाबोळीचा मासाच मिळाला नव्हता.

अशात मोजणीसाहेब टेप आणि फॉर्म घेऊन आले. विणीचे दोन महिने खाडीचं तोंड बंद ठेवायचं की जाळ्यांना मोकळं करायचं, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. त्यांनी सुरीबाईच्या धाकट्या भावाचे क्रेट निवडले आणि प्रत्येकातले वरचे दहा मासे मोजले.

आता मोठे मासे वर रचतात, हे धक्क्यावरच्या मांजरालाही ठाऊक. गिऱ्हाईक आधी तळाशी हात घालतं. सरकारचा हात तेवढा तळाशी जात नाही.

"लांबी उत्तम आहे," साहेब म्हणाले. "खाडी मोकळी करायला हरकत नाही."

भाऊ हसला. सुरीबाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हात पुसून ती आली आणि तिने पहिलाच क्रेट साहेबांच्या बुटांपाशी उपडा केला. वरचे दहा मासे घरंगळले आणि त्यांच्यावर बोटाएवढ्या पिल्लांचा ढीग पडला.

"मोजा की आता!"

"अहो, या मापाला फॉर्ममध्ये रकानाच नाही. सुरुवातच वीस सेंटीमीटरपासून आहे."

"म्हणजे तुमच्या कागदावर पिल्लं जन्मालाच येत नाहीत?"

साहेब ओशाळले, पण हटले नाहीत. "बाई, जुनी आकडेवारीच नाही. पुरेशी माहिती नसताना बंदी घालायची तरी कशी?"

"माहिती नाही, म्हणून सगळं ओरबाडायचं? काळोखात माणूस पाय जपून टाकतो हो, धावत सुटत नाही! आणि माहिती नाही कशी? बावीस वर्षांत कुणी या टेबलाशी येऊन विचारलंत?"

तिने त्यांना अक्षरशः हाताला धरून फळीपाशी नेलं आणि एकेक खाच कोणत्या वर्षाची, कशाची ते सांगितलं. साहेबांनी एकेका खाचेला टेप लावली. आठव्या खाचेनंतर त्यांनी पेन काढलं. मग फॉर्मच्या तळाशी त्यांनी हातानेच एक नवा रकाना आखला, पिल्लं मोजली आणि खाली लिहिलं: खाडीचे तोंड बंद ठेवावे.

भाऊ मागेच उभा होता. रागाने त्याचा आवाज फाटला. "ताई, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास. दोन महिने होडी बांधून ठेवू? लोक काय तुझ्या खाचा शिजवून खाणार?"

सुरीबाईला वाईट वाटलं. याला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं होतं. पण वाईट वाटण्यापेक्षा संताप मोठा होता, कारण क्रेट रचणारे हात याचेच होते. तिने सुरी त्याच्यापुढे धरली.

"घे. तुझ्याच क्रेटमधले वरचे मोठे मासे घे आणि फाड. वीण तोंडावर आलीय, यांची पोटं गाबोळीने भरलेली हवीत. एकात जरी गाबोळी निघाली, तर साहेबांचा कागद मी माझ्या हाताने फाडते आणि उद्यापासून इथे पाऊल टाकत नाही."

भावाने तिरीमिरीत सगळ्यात जाड मासा उचलला. रिकामा. दुसरा उचलला, तोही रिकामा. चौथ्याला त्याने सुरी सावकाश फिरवली, बोटाने आत चाचपून पाहिलं. सहाव्यानंतर त्याने मान वर केली नाही.

"पुरे आता," सुरीबाई हळूच म्हणाली.

तो थांबला नाही. त्याने पुढचा क्रेट ओढून घेतला.