आत्याबाईंचा परदेशी कर

आत्याबाईंनी चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलं. शाळा चौथीत सुटली होती, पण माप द्यायला उभं राहिलेलं माणूस हात वर करून काय काय बोलून जातं, ते सगळं त्यांच्या पोटात साठलं होतं. साठी उलटल्यावर त्यांनी बेतायच्या खाकी कागदांच्या पाठीवर ते पेन्सिलीनं लिहून काढलं. सूनबाईनं टाइप केलं आणि पुस्तक झालं. परदेशातल्या एका प्रकाशकानं त्याचा अनुवाद काढला, आणि काय नशीब बघा, तो खपलासुद्धा! तिकडून मानधनाचा पहिला हप्ता आला, तो मात्र शंभरातले तीस कराचे कापूनच.

म्हणून आज आत्याबाई, त्यांचा मुलगा आणि सूनबाई असे तिघे करसल्लागाराच्या खोलीत बसले होते. खोली दुसऱ्या मजल्यावर. भिंतीला छतापर्यंत फायली, आणि खुर्च्या अशा की बसणाऱ्याचं मन लवकर उठावं.

सल्लागारानं कागद चाळले. "आत्याबाई, दोन देशांत करार आहे. त्याप्रमाणे तिकडे शंभरातले दहाच कापतात. पण लेखक इथला रहिवासी असल्याचा दाखला लागतो. तुमच्या पुस्तकावर नाव तुमचं, आणि कराचा फॉर्म गेलाय सूनबाईंच्या नावानं. त्यांना मेळ लागेना, त्यांनी तीस कापले."

आत्याबाईंनी मान न वळवता विचारलं, "फॉर्म कुणी भरला?"

मुलगा खुर्चीत हलला. "मीच. तुझं शिवणकामाचं उत्पन्न आहे, हिचं काहीच नाही. म्हटलं, हिच्या नावावर आलं तर इथला कर वाचेल."

"वाचला ना! हात दाखवून अवलक्षण ते हेच." मग त्या सल्लागाराकडे वळल्या. "याला लहानपणी सुई ओवता यायची नाही. आता फॉर्म भरतो."

मुलानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "अगं, पण तोड आहे. मी पत्र तयार केलंय. पुस्तक खरं हिनंच लिहिलं, तुझं नाव केवळ मान म्हणून घातलं, एवढंच लिहायचं. तू सही कर. हिचा दाखला जाईल, वीस परत येतील. आई, त्या विसात तुझ्या शिवणाच्या दुकानाचं सहा महिन्यांचं भाडं निघतंय!"

भाडं तीन महिने थकलं होतं. आत्याबाईंना ते कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा लावला आणि पत्र अक्षर अक्षर लावत वाचलं.

आधी बोलली ती सूनबाई. "मी नाही हो यात. उद्या कुणी विचारलं, काज कसं करतात, तर काय सांगू? मला शर्टाचं बटण लावता येत नाही. आईंना विचारा, माझ्या चौदा ब्लाउजांचे हुक त्यांनीच लावलेत."

"पंधरा," आत्याबाई म्हणाल्या आणि पत्र मुलासमोर सरकवलं. "ठेव तुझ्याजवळ. माझ्या पोटचा तू, आणि माझ्याच पुस्तकातून मला उसवायला निघालास? भाड्याचं मी बघते. अजून डोळे शाबूत आहेत, चार झगे जास्त शिवीन. पण मी लिहिलं नाही असं माझ्या हातानं लिहून देऊ? एवढी का मी भिकेला लागले!"

मुलाचे कान लाल झाले. "मी तुझ्याच भल्यासाठी..."

"माहीत आहे. म्हणून तर थोबाड फोडलं नाही." मग सल्लागाराला, "आता सरळ रस्ता सांग बाबा."

"सरळ रस्ता लांबचा आहे. दाखला तुमच्या नावानं काढायचा, दुरुस्त फॉर्म पाठवायचा. पुढच्या हप्त्याला दहाच कापतील. जास्तीचे वीस तिकडच्या करखात्याकडे मागायचे, त्याला वर्षही लागेल. इथल्या करातून ते वीस वळते होत नाहीत, करारातले दहा तेवढे होतात. आणि हो, हातात सत्तर आले तरी विवरणपत्रात उत्पन्न शंभरच दाखवायचं."

"मग, शंभरच! गिऱ्हाइकानं तीन मीटर कापड दिलं तर वहीत तीन मीटर. कतरण पडली म्हणून अडीच लिहिणारी शिंपीण टिकेल का?"

सल्लागार हसला. "हे समजवायला मला शिकलेल्यांपाशी अर्धा तास लागतो."

"त्यांनी कापड फाडलेलं नसतं."

तो संगणकावर फॉर्म भरू लागला. व्यवसायाच्या रकान्यात त्यानं 'शिवणकाम' टाइप केलं.

"थांब. आधी लेखिका लिही. शिवणकाम खाली."

"तसंही चालतं."

"चालतं कसलं, तसंच आहे."

त्यानं लिहिलं. आत्याबाई पडद्याजवळ वाकल्या आणि तो शब्द त्यांनी दोनदा वाचला. पदर सारखा करून परत बसल्या त्या अशा, की खुर्चीसुद्धा बरी वाटावी.

"आता खर्च," सल्लागार म्हणाला. "लिहिण्यासाठी झालेला खरा खर्च उत्पन्नातून वजा होतो. कागद, पेन्सिली?"

"कागद कपडे बेतून उरलेले. पेन्सिली सात. आणि टायपिंगची मजुरी."

"कुणाला दिली?"

"द्यायची आहे. हिला."

सूनबाई दचकली. "अहो आई, घरचंच काम ते!"

"घरचं म्हणून फुकट? माझ्या सासूनं माझ्याकडून घरभराचं शिवून घेतलं, दमडी दिली नाही. तेव्हाच ठरवलं होतं, मी अशी सासू होणार नाही. जिभेनं झाले असेन, ती गोष्ट वेगळी."

"मजुरी वाजवी हवी," सल्लागार म्हणाला, "आणि बँकेतून त्यांच्या स्वतःच्या खात्यात जायला हवी. मग ते त्यांचं उत्पन्न. त्यांचंही विवरणपत्र भरू."

"भर की. तिच्यापुढे टंकलेखिका लिही."

आत्याबाईंनी पिशवीतून चेकबुक काढलं. एकेक अक्षर गिरवत रक्कम घातली, सही केली, आणि चेक सुनेला दिला.

सूनबाईनं आकडा पाहिला. मग हळूच म्हणाली, "आई, खाकी कागदावरची पेन्सिल होती ती. निम्मं पुसलेलं. भिंग घेऊन वाचलंय मी. एवढ्यात परवडत नाही."

मुलानं कपाळाला हात लावला. "अगं, भाडं थकलंय आणि तू..."

"तू गप रे!" आत्याबाई कडाडल्या. चेक परत घेतला, टराटरा फाडला आणि नवा लिहायला घेतला. तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. "कामाचं मोल सांगतेय ती. बोल गं, किती लिहू?"